घर घेण्याआधी: जिओट्रॅकर की एन्व्हायरोस्टोअर?

कॅलिफोर्नियात सनीव्हेल, सँटा क्लाराकडे घर बघताय? मग शाळांच्या रेटिंगबरोबर जमिनीची कुंडलीही बघा. जुन्या चिप कारखान्यांतलं टीसीई (ट्रायक्लोरोएथिलीन, सफाईसाठी वापरलेलं विषारी रसायन) तिथल्या भूजलात मुरलंय. अशा प्रदूषित जागा दाखवणारे कॅलिफोर्निया सरकारचे हे दोन्ही ऑनलाइन नकाशे फुकट आहेत. एन्व्हायरोस्टोअर विषारी पदार्थ नियंत्रण विभागाचा: कारखाने, लष्करी तळ, शाळांच्या जागा, शिवाय जमीनवापरावरचे निर्बंध. जिओट्रॅकर राज्याच्या जलमंडळाचा. पेट्रोल पंपांच्या गळक्या टाक्या इथेच सापडतात. पत्ता टाका, ठिपक्यावर क्लिक करा, निरीक्षण विहिरींचे (भूजल तपासायला खणलेल्या) अहवाल उघडतात. वाचायला रटाळ, पण अस्सल माल तोच! त्या भागातल्या अनेक चिप कारखान्यांची साफसफाईही प्रादेशिक जलमंडळाच्या देखरेखीखाली, म्हणून माझं मत जिओट्रॅकरला. फक्त ‘केस क्लोज्ड’ वाचून हुरळू नका. थोडं प्रदूषण जमिनीत ठेवूनही फाइल बंद होते.