तिसऱ्या तासाने दमवलेला प्रेक्षक: डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘रॉ’चा दीर्घ अनुभव

नेटफ्लिक्सची वर्गणी संपत आल्याची सूचना आली, तेव्हा गेल्या काही महिन्यांत ‘रॉ’चे, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कुस्ती-मनोरंजन कंपनीच्या दर सोमवारच्या कार्यक्रमाचे, किती भाग आपण शेवटपर्यंत पाहिले, असा हिशेब मनाशी मांडला आणि उत्तर निराशाजनक निघाले. लढतींचे निकाल आधी ठरलेले असतात, ही माझी तक्रार नाही. कंपनीच्या वतीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हे मनोरंजन असल्याचे मान्य करण्यात आले होते, आणि ते ठाऊक असूनही मी वर्षानुवर्षे हा कार्यक्रम चवीने पाहिला.

माझा राग तिसऱ्या तासावर आहे. २३ जुलै २०१२ च्या हजाराव्या भागापासून दोन तासांचा ‘रॉ’ तीन तासांचा झाला. तो जादा वेळ भरण्यासाठी त्याच दोघांची लढत पुन्हा पुन्हा लावायची, या सोमवारी एकाला जिंकवायचे, पुढच्या सोमवारी दुसऱ्याला, आणि मग त्याच लढतीसाठी मोठ्या सोहळ्याची वाट पाहायला सांगायचे, असा क्रम सुरू झाला की हरण्याला किंमत उरत नाही. ६ एप्रिल २०१४ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेसनरने अंडरटेकर या कुस्तीगिराची रेसलमेनिया या कंपनीच्या सर्वात मोठ्या वार्षिक सोहळ्यातील २१ विजयांची मालिका मोडली, तेव्हा प्रेक्षक सुन्न झाले, कारण तो पराभव इतकी वर्षे राखून ठेवलेला होता.

जानेवारी २०२५ मध्ये कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला आणि तीन तासांचे बंधन सैल झाले, त्यामुळे हा आक्षेप आता पूर्वीच्या जोराने करता येत नाही, हे मान्य. तरीही गोडी परतली नाही. लढत रंगात येताच बाहेरून कोणीतरी धावत यायचे आणि निकाल फिरवायचा, ही खोड तशीच आहे. रोमन रेन्सने १,३१६ दिवस विजेतेपद राखले, पण ते राखण्याच्या कितीतरी लढती त्याच्या नातलगांनीच जिंकून दिल्या. (त्याच्या वतीने बोलणाऱ्या पॉल हेमनचे बोलणे मात्र मी कधीही पुढे सरकवून टाळले नाही.) त्याच काळात गुंथरने इंटरकॉन्टिनेंटल हे दुय्यम विजेतेपद ६६६ दिवस सांभाळले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये कार्डिफला शेमसशी झालेल्या त्याच्या लढतीत छातीवरच्या थपडांखेरीज कशाचीच गरज भासली नाही.

वर्गणी भरली, कारण नेटफ्लिक्सवर पाहण्यासारखे इतरही पुष्कळ आहे. ‘रॉ’ थेट पाहणे मात्र सोडले. गुंथर असेल तर तेवढीच लढत दुसऱ्या दिवशी पाहतो.