‘फक्त ७ जागा शिल्लक’: ऑनलाइन मार्केटिंग शिकायला गेले आणि ५७,५७९ रुपये घालवून बसले

आकडा आधीच सांगून टाकते: ५७,५७९ रुपये. माझ्या कांदा-लसूण चटणीच्या एका किलोमागे सगळा खर्च जाऊन १२० रुपये सुटतात. म्हणजे साधारण ४८० किलो चटणी मी कांडून, चाळून, पाकिटं भरून एका माणसाच्या घशात ओतली.

मी अडाणी नाही. बी.कॉम. झालेय, अकरा वर्षं धंदा करतेय, हिशेबाची वही स्वतः लिहिते. मिरचीवाल्यानं ब्याडगीत पावशेर मारली तरी धरते. हे मुद्दाम लिहितेय, कारण ज्याला ज्याला सांगितलं तो पहिलं हेच म्हणाला, “तुम्ही कशा काय फसलात?” अशीच फसले. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गिऱ्हाईक सगळं ओळखीचं, पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी पाहुण्यांच्या ओळखीनं. मुलगी कधीची म्हणत होती, आई, इन्स्टावर टाक. त्यात फेब्रुवारी, महिन्याभरात चटणीचा सीझन सुरू होणार. नेमकी तेव्हाच मोबाईलवर जाहिरात यायला लागली. ९९ रुपयांत लाइव्ह वेबिनार, घरगुती उद्योगातून महिन्याला लाखाची विक्री, तेही शुद्ध मराठीतून.

रविवारी सकाळी अकराला बसले. अर्ध्या तासात लाइट गेली. लगेच मेसेज आला, बुधवारी रात्री आठला सर पुन्हा लाइव्ह येणार आहेत, त्याच ९९ मध्ये बसा. बसले. पाचेक मिनिटांत शेजारच्या चॅटमध्ये लातूरच्या एका बाईनं लिहिलं, ‘सर आवाज येत नाही’. सरांनी कॉलरचा छोटा माइक दोन बोटांनी वर सरकवला आणि विचारलं, “आता येतोय का ताई?”

रविवारीही हेच झालं होतं. तीच लातूरची बाई, तोच माइक, तीच दोन बोटं.

मी ते पाहिलं. नजरेतून सुटलं असतं तर आज एवढी आग झाली नसती. हातातली लसूण तशीच राहिली, क्षणभर वाटलं, हे काय? आणि मग मीच माझी समजूत घातली, की बिचारीची माझ्यासारखीच लाइट गेली असेल, म्हणून परत आली असेल. सरांच्या वतीनं खोटं मी रचलं! मी प्रश्न टाकला, कुरिअरचा खर्च किमतीत धरायचा की वेगळा घ्यायचा? उत्तर नाही. रेकॉर्डिंग कुठून उत्तर देणार? वर लाल पट्टीत ‘फक्त ७ जागा शिल्लक’ लुकलुकत होतं. रविवारीही सातच होत्या. तीन दिवसांत एक जागा भरली नव्हती आणि घाई मला झाली.

वेबिनार संपताना पूर्ण कोर्स पुढे केला. त्याची फी ३५,००० अधिक १८ टक्के जीएसटी ६,३००, एकूण ४१,३००. त्याच रात्री ५,००० यूपीआयनं भरले. उरलेल्या ३६,३०० साठी एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला. “ताई, कर्ज नाही हो, नो-कॉस्ट हप्ता आहे, महिन्याला ३,०२५ फक्त.” आधार नंबर घेतला, ओटीपी घेतला. सकाळी एका फायनान्स कंपनीचा मेसेज, तुमचं कर्ज मंजूर होऊन वितरित झालं आहे. प्रोसेसिंगचे १,१८० वेगळे. पैसे गेले थेट क्लासच्या खात्यात आणि कर्जदार मी. क्लास उद्या बंद पडला तरी हप्ता माझ्याच नावावर चालू. ‘नो-कॉस्ट’ म्हणजे व्याज नाही एवढंच, कर्ज नाही असं नव्हे. पावतीवर जीएसटीची रक्कम होती, जीएसटी नंबर नव्हता. बी.कॉम. बाईनं तेही पाहिलं नाही. तुम्ही पाहा, आणि नंबर असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का तेही पाहा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. ३८ व्हिडिओ, निम्मे हिंदीत. सर दाखवत होते ती फेसबुकच्या जाहिरातींची जुनी पद्धत, उद्देश निवडायला अकरा पर्याय. माझ्या मोबाईलवर सहाच. मी बावळटासारखी उरलेले पाच शोधत रात्री बसायची! ते पर्याय कंपनीनंच कधीचे बदललेत, हे भाच्यानं सांगितलं.

सात दिवसांत पैसे परत मिळतील असं लिहून दिलं होतं. चौथ्या दिवशी मागितले. उत्तर आलं, सगळे व्हिडिओ पाहून सगळे गृहपाठ सादर केल्याशिवाय परतावा नाही. व्हिडिओ आठवड्याला सहाच उघडतात. सात दिवसांत ३८ कसे पाहणार? हिशेब करा.

एवढं झाल्यावर तरी गप्प बसायचं! नाही. सरांचा माणूस म्हणाला, “मॅडम, तुमचं पेज आमच्या टीमकडे द्या, जाहिरातीचे १५,००० फक्त आमच्या खात्यात टाका, रिझल्ट नाही आला तर विचारा.” बुडालेले पैसे वर काढायला आणखी पैसे टाकले. पंधरा दिवसांत फॉलोअर १,२०० चे ११,४०० झाले. ऑर्डर शून्य. नावं वाचता येत नाहीत असल्या भाषांतली, चेहऱ्याच्या जागी फुलं नाहीतर गाड्या. चटणी कोण घेणार यांतलं? फेसबुक-इन्स्टाच्या मेटा कंपनीची अ‍ॅड लायब्ररी, म्हणजे कुठल्या पेजची कुठली जाहिरात चालू आहे ते दाखवणारं पान, सगळ्यांना फुकट उघडता येते. भाच्यानं त्यात रोज बघितलं, आमच्या पेजच्या नावावर एकही जाहिरात चालू नव्हती. आता पोस्ट टाकली की त्या मेलेल्या खात्यांपुढे जाते, आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना दिसत नाही. जाहिरातीचे पैसे द्यायचेच असतील तर स्वतःच्या कार्डावरून थेट कंपनीला द्या, पावती स्वतःच्या खात्यात दिसली पाहिजे. पेजचा पूर्ण ताबा सख्ख्या भावालाही देऊ नका.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, “ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग?” तिसऱ्यांदा चार वाजेपर्यंत बाकावर बसवलं आणि विचारलं, “कोर्स मिळाला ना ताई? आवडला नाही म्हणजे फसवणूक नव्हे, ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा.” शेजारचा हवालदार हसला. तक्रार अर्जाची पोच मागितली तर म्हणे शिक्का आत कपाटात आहे. बँकेत गेले तर म्हणाले, हप्ता फायनान्सचा आहे, आमचा संबंध नाही. फायनान्सवाले म्हणाले, शिकवणं क्लासचं आहे, आमचा संबंध नाही. क्लासनं मला ग्रुपमधून काढून टाकलं, त्यांचा तर कुणाशीच संबंध नाही! हप्ता थांबवते म्हटलं तर बँकेतला पोरगा म्हणतो, सिबिल खराब होईल, पुढं धंद्याला कर्ज मिळणार नाही. म्हणजे चोराला हप्ते फेडायचे, ते पण वेळेवर.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा असतो, मी ४१ दिवसांनी लावला. लाजेनं गप्प बसण्यात ते दिवस गेले. आणि असलं ऑनलाइन कर्ज घेतल्यावर सुरुवातीच्या थोड्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंड न देता बाहेर पडता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, लिहिलेली असते. मला ते मेलवर आलं होतं. उघडलंच नाही. मेल कोण बघतं?

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, हे मला वकिलानं नाही, किराणा दुकानदारानं सांगितलं. गूगलवर दुकानाची नोंद फुकट होते, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट. भाच्यानं दोन्ही एका दुपारी करून दिलं, चहा-पोह्यांवर. तेवढंच शिकायचं होतं मला.

आठ हप्ते गेले, चार राहिले. हे लिहायचं नव्हतं, पण परवा आमच्या बचत गटातल्या पापडवालीनं ग्रुपवर लिंक टाकली. तेच सर, तेच ९९. लगेच फोन केला. म्हणाली, “ताई, काही नाही हो, अजून पैसे कुठं दिलेत, नुसता आधार नंबर दिलाय. आता फोन येणार आहे त्यांचा.” म्हटलं, उचलू नकोस, मी येतेय. पायात चप्पल घातली न घातली आणि निघाले.