कोलोस्टॉमीनंतरचे आठ महिने, व्हीलचेअरवरून

नऊ वर्षांपूर्वी स्लॅबवरून पडलो. डी-१० पातळीवर, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याशी, मज्जारज्जूला पूर्ण इजा. चालणं गेलं ते लोकांना दिसतं, संडासचं कुणाला दिसत नाही. एक दिवसाआड पहाटे पाचला उठून सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची गोळी), मग हातमोजा घालून बोटानं मोकळं करणं. दीड तास, कधी दोन. हे सगळं बायकोच्या हातानं. एवढं करूनही शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिताना कपडे खराब झाले की तो दिवस गेलाच. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा सोडला होता, तो पथ्यापायी नव्हे, भीतीपायी.

आधी खालून पाणी सोडायचं किट वर्षभर वापरलं. काहींना ते छान लागू पडतं. माझ्या बाबतीत नळी आत धरून ठेवणारा फुगा निसटायचा. मग सर्जननी तीन वाटा समजावल्या. अपेंडिक्सचं तोंड पोटावर काढून वरून पाणी सोडायचं, ही मेलोन यांची १९९० मधली पद्धत. जन्मजात मणक्याचा दोष असलेल्या मुलांत जास्त होते. पण त्यातही संडासात बराच वेळ बसणं आलंच, आणि ते तोंड पुढे आकसू शकतं. दुसरी, कमरेखालच्या नसांना बॅटरीनं उत्तेजन. माझी इजा पूर्ण, त्यामुळे ती बाद. उरली कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून संडास पिशवीत घेणं. 'शेवटचा उपाय' हा शब्द ऐकून मी दोन वर्षं घालवली, त्याची हळहळ आजही वाटते.

ऑपरेशनपेक्षा महत्त्वाचं काम आदल्या दिवशी झालं. सिस्टरनी मला झोपवून नाही, खुर्चीत बसवून पोटावर पेनानं खूण केली. बसल्यावर पोटाला घडी पडते. स्टोमा, म्हणजे आतड्याचं पोटावरचं ते तोंड, घडीत गेला तर पिशवी चिकटत नाही आणि आपल्याला दिसतही नाही. माझा बेंबीच्या जरा वर, डावीकडे आहे. तुमच्याकडे कुणी आपणहून ही खूण करत नसेल तर हट्ट धरा.

पहिले दोन महिने कठीण गेले. स्टोमाची सूज हळूहळू उतरते, आणि मी फ्लँजला, म्हणजे पिशवी बसवायच्या कातडीवर चिकटणाऱ्या चकतीला, जुन्याच मापाचं भोक कापत राहिलो. कडेनं गळून कातडी सोलली. मापं पुन्हा घेतल्यावर आठवड्यात बरी झाली. स्टोमा ओठाच्या आतल्या भागासारखा लाल असतो, हात लावला तरी दुखत नाही. आता फ्लँज चार दिवसांनी बदलतो. एप्रिल-मेच्या घामात तीन दिवसच टिकली. पिशवी निम्मी भरायच्या आत रिकामी करतो, दहा मिनिटांत, माझ्या मी. बायको पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाते.

एक गोष्ट मला कुणी नीट सांगितली नव्हती: खालून अधूनमधून शेंबडासारखा स्राव येतच राहतो. पहिल्यांदा घाबरलो होतो. आतडं तो बनवतंच, पण रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचं. दुसरं, खुर्चीतून पलंगावर जाताना पोटावर जोर येतो, स्टोमाशेजारी हर्निया होऊ शकतो. म्हणून पट्टा बांधतो आणि सरकफळी वापरतो.

खर्च महिन्याला तीन हजारांच्या आसपास, कायमचा. माझ्या मापाची फ्लँज गावातल्या दुकानात दर वेळी मिळत नाही, महिनाभर आधी सांगून ठेवतो. मिसळ खातो, कांदा कमी घालून, कारण गॅसनं पिशवी फुगते. फ्लँजच्या डब्यात स्टोमाचं माप घ्यायची पुठ्ठ्याची पट्टी असेल तर फेकू नका.