राजारामपुरीतला रशियन क्लास: शिकवणं एक नंबर, जिना बेकार

पोरगी मेडिकलला रशियाला निघालीय म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका रशियन क्लासला घातली. पालकांना मागं बसू देतात, मग रविवारी मीही बसायला लागलो. शिरोलीच्या फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस मी, व्याकरण बघूनच झोप येते. पण इथं व्याकरणाआधी जीभ शिकवतात.

रशियनमध्ये बहुतेक व्यंजनं जोडीनं असतात, एक कठीण आणि एक मृदू. 'ब्रात' म्हणजे भाऊ. त्यातला शेवटचा त मृदू केला की अर्थ 'घेणे'. आम्ही सगळे तो 'त्य' म्हणायचो आणि मॅडम तिथंच अडवायच्या. 'त्य'मध्ये आधी त, मागून य. त्यांना दोन्ही एकदमच पाहिजे: टोक दातांपाशी, आणि त्याच वेळी जिभेचा मधला भाग टाळूकडं उचललेला. "काका, आधी नुसतं ई म्हणा. आता जीभ न हलवता त." हा उगाचचा काथ्याकूट नाही. ल मृदू ठेवून 'ल्योत' म्हटलं तर उड्डाण, आणि त्याच मृदू ल नंतर खराखुरा य आला तर 'ओततो'.

पटेना म्हणून त्यांनी कोको पावडर आणली. एका पोराच्या जिभेवर पसरली, एकदाच 'ता' म्हणायला लावलं, तोंडात छोटा आरसा आडवा धरला आणि मोबाईलचा टॉर्च मारला. जीभ टेकली तिथं, दातांच्या मागं आणि कडेनं, बारीक तपकिरी पट्टा. चूळ भरून पुन्हा पावडर, आता मृदू त. पट्टा चांगलाच रुंद झालेला, टाळूवर मागं सरकलेला. फळ्यावरच्या चित्रापेक्षा हे बरं. ल मात्र मला अजून जड जातो. कठीण ल म्हणताना जिभेची मागची बाजू वर जाते, आवाज जाडा येतो. आपला ल ना इकडचा ना तिकडचा.

आपल्याकडं हे अगदीच नाही असंही नाही, हे त्यांनीच दाखवलं. 'माझा' आणि 'माझी' म्हणून बघा, ई आल्याबरोबर झ टाळूकडं पळतो. 'पैसा'चं 'पैशाला' होतं. पोलिशमध्ये ही ओढ आणखी पुढं गेली, तिथं मृदू त चा चक्क च झाला: 'शांतपणे'ला रशियन 'तीखो', पोलिश 'चीखो'. पोरीला पोलिशचा काय उपयोग, पण ऐकायला मजा आली.

आता तक्रारी. जिना अरुंद आणि अंधारा, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकट की मृदू चिन्ह (आधीचं व्यंजन मृदू म्हणा असं सांगणारं अक्षर) दिसतच नाही, आणि ते नाही दिसलं तर भाऊ की घेणे कसं कळायचं? ऑनलाईन बॅच घेऊ नका. फोनच्या स्पीकरवर दोन्ही त सारखेच ऐकू येतात, आणि तुमची जीभ कुठं चाललीय ते मॅडमना दिसतही नाही.

फी वाजवी आहे, हप्त्यानं चालते. आरसा घरून न्या, तिथला एकच आहे आणि तो सगळ्यांच्या तोंडात फिरतो.