झेब्रा फिंच की बजी: घरात कोणते पक्षी आणावेत?

पहिल्यांदा पक्षी पाळणाऱ्यांपैकी अनेकांची निवड शेवटी झेब्रा फिंच हा चिमुकला गाणारा पक्षी आणि बजी (बजरीगार) हा छोटा पोपट, या दोघांत येऊन अडते. दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे, कोरड्या माळरानावर थव्याने राहणारे आणि दाणे टिपून जगणारे. त्यामुळे फिंच म्हणजे छोटा, कमी कटकटीचा बजी असा समज पसरलेला आहे. प्रत्यक्षात दोघांना माणसाकडून हवं असतं ते अगदी वेगळं. फिंचला सोबत लागते ती दुसऱ्या फिंचची, तुमची नाही. बजी मात्र लहानपणापासून सवय लावली तर माणसाला आपल्या थव्यात धरतो. आधी हे ठरवा, रंग नंतर बघा.

हातावर बसणारा, खांद्यावरून फिरणारा पक्षी हवा असेल तर फिंचचा विषय इथेच मिटतो. जेमतेम १० सेंटीमीटरचा, १२-१५ ग्रॅमचा हा जीव पुढे आलेल्या हाताला शिकारीच समजतो. पिंजऱ्यात हात घातला की त्याची धडपड सुरू. घरातल्या मुलांना ‘पक्षी हातात घ्यायचाय’ असं वाटत असेल तर फिंच त्यांची निराशा करणार आणि मुलं फिंचचे हाल करणार. बजी १८ सेंटीमीटरच्या आसपास, ३०-४० ग्रॅमचा, आणि जातीने पोपट. रोज थोडा वेळ दिला तर तो बोटावर यायला शिकतो. काही नर बोलतातही. १९९४ मध्ये मेलेल्या ‘पक’ नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. पण त्या आशेवर बजी आणू नये, अनेक बजी आयुष्यभर एकही शब्द बोलत नाहीत.

या सलगीची किंमत वेळेत मोजावी लागते. एकट्या बजीला दिवसभर रिकाम्या घरात ठेवणं क्रूरपणाच. अशा घरात दोन बजी आणावेत, मग ते माणसापेक्षा एकमेकांत जास्त रमतात हेही मान्य करावं. फिंच तर कधीच एकटा आणू नये. दिवसभर बाहेर असणाऱ्यांना मी बिनदिक्कत फिंच सुचवेन: संध्याकाळी खुर्ची ओढून समोर बसा आणि त्यांची लगबग बघा.

आवाजाच्या बाबतीत मला फिंच जास्त आवडतो. त्याची हाक रबरी खेळण्यातल्या पिपाणीसारखी, बारीक, पण दिवसभर चालणारी. गातो फक्त नर. ते गाणं तो लहानपणी बापाकडून किंवा जवळच्या दुसऱ्या नराकडून शिकतो, त्यात स्वतःची भर घालतो आणि पुढे जन्मभर तेच म्हणतो. मेंदू आवाज कसा शिकतो याच्या अभ्यासात शास्त्रज्ञ फिंच वापरतात ते यामुळेच. बजीची बडबड ऐकायला गोड, पण बिथरला की त्याची किंकाळी भिंतीपलीकडे जाते.

पिंजऱ्याचा हिशेब लोक हमखास उलटा करतात: पक्षी लहान, म्हणून पिंजरा लहान. फिंच सळयांवर चढत नाही. या दांडीवरून त्या दांडीवर आडवा उडतो. शिवाय सहसा तो रोज बाहेर सोडण्याइतका माणसाळत नाही, म्हणजे पिंजरा हेच त्याचं सगळं आकाश. जोडीसाठी निदान ७५-९० सेंटीमीटर लांबी हवी, उंची थोडी कमी चालेल. बजी चोच आणि पायांनी सळया धरून चढतो, लाकूड कुरतडतो, खेळणी मोडतो. त्यालाही प्रशस्त पिंजरा लागतोच, पण रोज बंद खोलीत मोकळं उडायला मिळालं तर त्याचं भागतं. सळयांमधलं अंतर दोघांसाठीही सव्वा सेंटीमीटरच्या आत ठेवा. गोल, उंच, शोभेचे पिंजरे दोघांनाही निरुपयोगी.

फिंच घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे पिल्लं. नर-मादी ओळखणं सोपं: नराच्या गालावर केशरी ठिपका, गळ्यावर काळे-पांढरे पट्टे, मादी राखाडी. म्हणून सगळे हौसेने जोडी आणतात आणि वर घरटंही टांगतात. फिंच तीन महिन्यांत वयात येतात, एका वेळी चार ते सहा अंडी देतात, दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि ती पुरती मोठी होण्याआधीच मादी पुन्हा अंड्यांवर बसते. घरटं नसेल तर दाण्याच्या वाटीतही अंडी घालते. अशाने तिच्या शरीरातलं कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं आणि ती दगावू शकते. पिल्लं नको असतील तर दोन नर किंवा दोन माद्या आणा, घरटं देऊ नका. समुद्रफेन (कॅल्शियमसाठी चोचीने खरवडायचं माखलीचं हाड) मात्र कायम लावून ठेवा. बजीत ही अडचण पुष्कळ कमी, कारण घरट्यासाठी पेटी मिळाल्याशिवाय तो सहसा वीण करत नाही.

खाण्यात फार फरक नाही. राळ्यासारखे बारीक दाणे, हिरवा पाला, रोज ताजं पाणी. दोघेही दाणा सोलून टरफल वाटीतच टाकतात, त्यामुळे भरलेली दिसणारी वाटी रिकामी असू शकते; रोज फुंकर मारून बघा. नुसत्या दाण्यांवर बजी लवकर लठ्ठ होतो, त्याला पेलेट्स (तयार पक्षीखाद्याच्या गोळ्या) आणि भाज्यांची सवय लावावी. अ‍ॅव्होकाडो आणि चॉकलेट दोघांनाही विष. नॉन-स्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतात, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात नको.

दोघेही आजार लपवतात. पिसं फुलवून पक्षी तळाशी बसला तर उद्याची वाट पाहू नये, फिंचच्या बाबतीत तर नाहीच. एवढ्याशा देहाला उपाशी राहणं झेपत नाही. पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. आयुष्य म्हणाल तर फिंच साधारण पाच ते सात वर्षं, बजी पाच ते दहा, क्वचित त्याहून जास्त.

निवड होत नाही म्हणून दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवायचा मोह होतो. तो टाळा. बजीची चोच फिंचचा पाय सहज मोडू शकते.