वर्कशॉपच्या व्हॅक्यूमला सायक्लोन लावा, नवीन मशीनचे पैसे वाचवा

घरच्या सुतारकामाला साधा वेट-ड्राय व्हॅक्यूम पुरत नाही म्हणून मोठा घ्यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी थोडं थांबा. माझ्याकडे २० लिटरचा नेहमीचाच व्हॅक्यूम आहे, त्याच्या आणि टूलच्या मधे प्लास्टिकचा सायक्लोन, म्हणजे हवेतून भुसा वेगळा करणारं भांडं, जोडला, ऑनलाइन दोन हजाराच्या आत मिळाला, आणि आता मला दुसरं मशीन नकोच आहे.

मोटर कमी पडत नसते हो, फिल्टर चोक होतो. एमडीएफच्या बोर्डवर राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) चालवला की पिठासारखी धूळ फिल्टरवर बसते, सक्शन पडतं, मग तो झटकायचा आणि तीच धूळ परत खोलीभर. सायक्लोनमधे हवा कडेने तिरपी शिरते, भिंतीला धरून गरगर फिरत खाली जाते, जड भुसा बाहेर फेकला जाऊन खालच्या बादलीत पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर व्हॅक्यूमकडे निघून जाते. टेबल सॉचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीचा, भुसा तर जवळजवळ सगळा बादलीतच सापडतो.

खरं काम बादलीचं आहे. पेंटरकडून २० लिटरची रिकामी बादली मिळते, चालते पण, फक्त झाकण एअरटाइट पाहिजे, कारण खालून थोडी जरी हवा शिरली तरी पडलेला भुसा परत उचलला जातो आणि थेट फिल्टरवर जातो. म्हणून झाकणाच्या कडेला दारांना लावतात ती फोमची पट्टी, बोल्टखाली रबरचे वॉशर आणि सायक्लोनच्या बुडाला सिलिकॉन. दुसरं म्हणजे पाइपचं तोंड कशाने बंद झालं की पातळ बादली आत चेपते, जाड प्लास्टिकचा, लोखंडी रिंगच्या झाकणाचा ड्रम मिळाला तर तोच घ्या. आत पिशवी लावू नका, सक्शनने वर ओढली जाते. आणि दोन तृतीयांश भरला की रिकामा करा.

जोडणीचा त्रास मात्र आहे, कुठलंच माप कुठल्याला बसत नाही, सँडरचं (लाकूड घासायच्या मशीनचं) तोंड वेगळं, व्हॅक्यूमचा पाइप वेगळा, सायक्लोनचं वेगळंच. इंदूरच्या सियागंज बाजारात जाताना पाइपचे तुकडे सोबत न्या, दुकानातच पीव्हीसीचे रिड्युसर (वेगळ्या मापाचे पाइप जोडायचे तुकडे) लावून बघा, थोडं ढिलं राहिलं तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून होज क्लॅम्प आवळा, मस्त बसतं. पाइप लागेल तेवढाच ठेवा, उगाच लांब ठेवला की सक्शन जातं. आपल्याकडे इंदूरला थंडीत आणि एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकच्या पाइपला हात लावला की शॉक बसतो, त्यावर पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंग असलेल्या मशीनच्या लोखंडी फ्रेमला जोडलीय, फरक पडतो.

आता जे होत नाही ते पण सांगतो. सगळ्यात बारीक धूळ सायक्लोनमधे थांबत नाही, आणि फुफ्फुसात खोल जाते ती हीच. लाकडाच्या धुळीला कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, १९९५ मधेच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होऊ शकतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. म्हणून व्हॅक्यूममधला साधा फिल्टर काढून हेपा लावा, चांगला हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो, आणि सायक्लोन पुढे असल्यामुळे तो महाग फिल्टर लवकर भरत पण नाही. सँडिंग करताना एन-९५ मास्क तरीही घालाच, घरात लहान मुलं असतील तर खोलीचं दार पण बंद ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. राउटर, सँडर, जिगसॉ, छोटा टेबल सॉ यांच्यासाठी बिनधास्त घ्या. थिकनेस प्लॅनर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन) असेल तर नका घेऊ, त्याचे लांब छिलके सायक्लोनच्या तोंडाशीच अडकतात, व्हॅक्यूममधे ओढ असते पण हवा कमी वाहते, तिथे १०० एमएम पाइपचा डस्ट कलेक्टरच लागतो.