चाळीस ट्रॅकचा डेमो बघून लॅपटॉप घेतला आणि फसलो, म्युझिकसाठी कॉम्प्युटर घेणाऱ्यांनी जरूर वाचा

हे खरं तर आधीच लिहायला हवं होतं, पण सुरुवातीला नुसता संताप होता आणि नंतर कुणाला सांगायचीही लाज वाटायला लागली. गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलाने विचारलं, दादा कमी पैशात म्युझिक प्रोडक्शनसाठी लॅपटॉप बघतोय, हा कसा आहे, आणि त्याने जी जाहिरात दाखवली ती बघून पोटात गोळाच आला, मी जी बघून फसलो ती शब्द न् शब्द तशीच. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जाहिरात अशी होती: स्टुडिओ रेडी लॅपटॉप, आय सेव्हन, १६ जीबी रॅम, एसएसडी, १ टीबी, विंडोज ११, सगळी सॉफ्टवेअर आणि प्लगिन (वाद्यं आणि इफेक्ट देणारी जोड-सॉफ्टवेअर) टाकून मिळतील. सेकंडहँड होता, किंमत माझ्या आवाक्यात होती, आणि माझा जुना कॉम्प्युटर चार व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वाद्यं, लावली की मान टाकत होता, त्यामुळे मी बघायला गेलो तोच अर्धं मन बनवून गेलो.

विकणारा माणूस बोलायला एकदम छान. त्याने स्वतःहून एक प्रोजेक्ट उघडून दाखवला, चाळीस ट्रॅक, वर स्ट्रिंग्ज, मध्ये ड्रम, खाली कोरस, स्क्रीन भरून रंगीत पट्ट्या. प्ले दाबलं, गाणं लोण्यासारखं चाललं, सीपीयूचा मीटर जेमतेम हलत होता. मी म्हणालो टास्क मॅनेजर दाखवा, तर तोही दाखवला, त्यात ग्राफचे चार चौकोन. तो म्हणाला, "दादा बघा, चार कोअर, आय सेव्हन आहे, बिनधास्त घ्या." कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एकेक भाग. मी घेतला.

पहिले दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मावसबहीण गायला आली. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाच्या किती सॅम्पलचा (बारीक नोंदींचा) तुकडा तयार करतो ती सेटिंग, १२८ वर ठेवला, दोन इन्स्ट्रुमेंट आणि तिच्या आवाजावर कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब, बस्स, एवढंच, आणि हेडफोनमध्ये कट कट कट आवाज यायला लागला. २५६ केला तरी तेच. १०२४ केला तेव्हा आवाज थांबला पण आता तिला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू यायला लागला. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३, आणि तो उशीर आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना परत एकदा लागतो. गाणाऱ्याला एवढ्यात ताल धरता येत नाही. ती बिचारी मलाच म्हणत होती की आज माझं काहीतरी चुकतंय, तिचं काही चुकत नव्हतं.

मी तीन आठवडे भलतीकडेच शोधत बसलो. आधी वाटलं ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडायचा डबा) खराब, मग केबल बदलली, मग त्याचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाज नेणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, लेटन्सीमॉन हे ड्रायव्हरमुळे होणारा उशीर मोजणारं सॉफ्टवेअर लावून रात्रभर बघत बसलो, वायफाय बंद करून बघितलं, त्याने थोडा फरक पडला पण थोडाच. लॅपटॉपवर संशयच येत नव्हता, कारण चाळीस ट्रॅक डोळ्यांनी चालताना बघितले होते ना.

शेवटी एका रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राने एकच प्रश्न विचारला, ते चाळीस ट्रॅक मिडी (वाद्याला दिलेल्या नुसत्या सुरांच्या सूचना) होते का ऑडिओ (तयार आवाज)? आणि तिथे माझी ट्यूब पेटली. तो प्रोजेक्ट अजून लॅपटॉपवरच होता, उघडून बघितला तर सगळे ट्रॅक आधीच बाउन्स केलेले, म्हणजे तयार ऑडिओ फाइल बनवून ठेवलेले, एकही इन्स्ट्रुमेंट लाइव्ह नाही, एकही प्लगिन चालू नाही, बफर २०४८ वर. बाउन्स केलेला ऑडिओ वाजवणं म्हणजे कॉम्प्युटरने नुसत्या तयार फाइल वाचून मिसळायच्या, त्यात प्रोसेसरला फारसं कामच नसतं. खरं काम तेव्हा लागतं जेव्हा सिंथ आणि रिव्हर्ब त्या क्षणी गणित करून आवाज तयार करत असतात आणि बफर संपायच्या आत तो तयार व्हावा लागतो, नाही झाला की तो कट आवाज येतो.

मग एकेक उघडं पडत गेलं. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. निघाला आय ७-७५००यू. हा २०१६ चा, १५ वॅटचा, पातळ लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोसेसर, आणि कोअर फक्त दोन! ते चार चौकोन म्हणजे चार लॉजिकल प्रोसेसर होते, एकेका कोअरचे दोन दोन थ्रेड. ग्राफच्या खाली कोअर्स २ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, मी तिकडे बघितलंच नाही. आणि ऐका, पुढच्याच वर्षी आलेल्या आय ५-८२५०यू मध्ये चार कोअर आहेत. म्हणजे आय सेव्हन या नुसत्या शब्दाला काडीचा अर्थ नाही, पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर बघायचं. यू म्हणजे कमी विजेचा, एच किंवा एचक्यू म्हणजे जास्त ताकदीचा. कोअर किती हे बघाच, पण एका कोअरची ताकदही बघा, कारण एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले प्लगिन शक्यतो एकाच कोअरवर चालतात, पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरूच करता येत नाही.

एसएसडीचं तर मला आजही जास्त वाईट वाटतं. जाहिरातीत 'एसएसडी, १ टीबी' होतं, मधला स्वल्पविराम बघा. एसएसडी होती १२८ जीबीची, फक्त विंडोजपुरती, आणि १ टीबी होती ती ५४०० आरपीएमची साधी हार्ड डिस्क. माझ्या सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे साठे) सगळ्या त्या हार्ड डिस्कवर, एक पियानो लोड व्हायला इतका वेळ की मी उठून दुसरं काम करून यायचो. तुम्ही घेताना क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून न्या, कुठली डिस्क कसली आहे, किती तास चालली आहे, तब्येत कशी आहे सगळं दिसतं. रॅम मात्र खरोखर १६ जीबी निघाली, ती एक गोष्ट खरी होती.

विंडोज ११ पण सरळ नव्हतं, या प्रोसेसरला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत सपोर्टच नाही, इंटेलच्या बाबतीत तो साधारण आठव्या जनरेशनपासून आहे, विकणाऱ्याने ती तपासणी चुकवून विंडोज ११ टाकलं होतं. आणि ती 'सगळी सॉफ्टवेअर' म्हणजे सगळी क्रॅक, लायसन्स तोडलेली. ती चालावीत म्हणून त्याने अँटिव्हायरसमध्ये आख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'हे तपासू नको' या यादीत, टाकून ठेवला होता! म्हणजे त्या लॅपटॉपवर मी माझा मेल उघडत होतो, बँकेचं काम करत होतो, आणि व्हायरस तपासणारं कुणीच नव्हतं. त्याच रात्री दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदलले आणि लॅपटॉप पूर्ण फॉरमॅट मारला. सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणणाऱ्याकडून कृपा करून घेऊ नका, रीपरसारखं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि नंतर लायसन्सही बाकीच्यांच्या मानाने स्वस्त आहे.

परत द्यायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, आय सेव्हन लिहिलं होतं, आय सेव्हन आहे, एसएसडी आहे, १ टीबी आहे, मी खोटं काय बोललो? पावतीवर मॉडेल नंबर नाही, नुसतं 'लॅपटॉप आय सेव्हन', टेस्टिंगचे सात दिवस केव्हाच उलटून गेलेले. मला उत्तर देता आलं नाही. पावतीवर प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, आणि प्रत्येक डिस्कचा प्रकार आणि साइज लिहून घ्या, नाही म्हणाला तर उठा तिथून.

आता मी हार्ड डिस्क काढून तिथे खरी एसएसडी बसवली आहे, इन्स्ट्रुमेंट फ्रीज करत करत, म्हणजे तात्पुरती तयार ऑडिओ करून ठेवत, काम करतो, आणि गाणाऱ्याला इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवरून, म्हणजे कॉम्प्युटरमधून न नेता थेट, आवाज देतो म्हणजे उशीर लागत नाही. चालतंय, पण ह्या पैशात चार कोअरचा नक्की आला असता.

त्या मुलाला मी एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात रीपरचं पोर्टेबल इन्स्टॉल (पेन ड्राइव्हवरूनच चालणारं) आणि त्याच्यासोबत येणाऱ्या प्लगिनचाच एक प्रोजेक्ट, दहा सिंथ लाइव्ह, प्रत्येकावर रिव्हर्ब. सांगितलं की बफर १२८ कर आणि दहा मिनिटं वाजू दे, पाच नाही दहा, कारण गरम झाल्यावर पातळ लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतात आणि ते पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही. तो गेला, तर विकणाऱ्याने पेन ड्राइव्ह लावूच दिला नाही, म्हणे व्हायरस येईल. त्याऐवजी त्याने चाळीस ट्रॅकचा एक प्रोजेक्ट उघडून दाखवला. मुलाने फोनवर फोटो पाठवला, वर स्ट्रिंग्ज, मध्ये ड्रम, खाली कोरस. मी म्हणालो, तसाच घरी ये.